लेह ते तवांग: नकाशावरचे दोन तास आणि वाटेवरचे तीन दिवस

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरचे चार जण, त्यांत अडुसष्ट वर्षांच्या आई, ऑक्टोबरात अकरा दिवसांची सुट्टी. लेह आणि तवांग एकाच फेरीत करायचं मनात आहे. विचारणारे म्हणतात, "एका ठिकाणी लेह-तवांग हवाई अंतर १,५४५ किमी आणि वेळ १ तास ५१ मिनिटं दाखवतात. दुसरीकडे अंतर तेच, पण वेळ २ तास २१ मिनिटं. खरं कोणतं? आणि तिकीट काढायला गेलं तर ही फ्लाइट सापडत का नाही? तेजपूरला उतरलं किंवा हेलिकॉप्टर घेतलं तर वेळ वाचेल का?"

दोन्ही वेळा गणित म्हणून बरोबर आहेत. त्यांतली एकही तुमच्या कामाची नाही. तुम्हाला खरं विचारायचंय ते असं: लेहचं हॉटेल सोडल्यापासून तवांगच्या हॉटेलात पाठ टेकेपर्यंत सुट्टीतले किती दिवस खर्ची पडतील? माझं उत्तर आहे तीन दिवस, वाटेतले मुक्काम दोन, आणि एक दिवस हाताशी मोकळा. आता हे तीन दिवस कुठून आले ते सांगतो.

मी एकतीस वर्षं फ्लाइट डिस्पॅचर होतो. हा माणूस प्रवाशाला कधी दिसत नाही. विमान कुठल्या वाटेनं आणि किती उंचीवरून जाणार, इंधन किती किलो भरायचं, ठरल्या ठिकाणी उतरता आलं नाही तर कुठे वळायचं, हे जमिनीवर बसून आखणारा तो. आमच्या खोलीत "अंतर किती" असं कुणी विचारत नसे. "किती मिनिटं" आणि "किती किलो" एवढंच विचारत. अंतर त्या दोघांच्या पोटात असतं.

तरी १,५४५ हा आकडा येतो कुठून ते बघू, कारण पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. चेंडूवर दोन टाचण्या टोचून त्यांच्यामध्ये दोरा ताणून धरला तर तो ज्या रेषेत बसेल, ती गोलावरची सर्वांत जवळची वाट. आमच्याकडे तिला ग्रेट सर्कल म्हणतात. लेहचे आणि तवांगचे अक्षांश-रेखांश घेऊन मी स्वतः हिशेब करून पाहिला, उत्तर १,५४५ किमीच येतं, म्हणजे ८३४ नॉटिकल मैल. जेट विमान वर गेल्यावर साधारण ४५० नॉटनं (ताशी तेवढे नॉटिकल मैल), म्हणजे ताशी ८३०च्या आसपास किलोमीटरनं जातं. ८३४ भागिले ४५०, झाले १ तास ५१ मिनिटं. दुसऱ्या साइटनं चढायला-उतरायला म्हणून त्यात सरसकट अर्धा तास घातला, झाले २ तास २१. दोघांनीही फक्त भागाकार केलाय. ही वाट कुणाच्या डोक्यावरून जाते हे बघणं त्यांच्या कामात बसत नाही.

ते आपण बघू. लेहहून ती रेघ आग्नेयेला निघते आणि पँगाँगच्या आसपासच प्रत्यक्ष ताबारेषा ओलांडून तिबेटात शिरते. तिथून पुढे जवळपास शेवटपर्यंत ती तिबेटातच आहे. कैलास-मानसरोवर उजव्या हाताला राहतं, एव्हरेस्टही उजव्याच हाताला, दोनशेहून जास्त किलोमीटर दूर. शिगात्से शहराच्या तर ती जवळपास डोक्यावरूनच जाते. मग भूतानच्या उत्तर सीमेला खेटून तवांगला टेकते. सुरुवातीचं आणि शेवटचं बोटभर टोक सोडलं तर तुमची ही "देशांतर्गत" रेघ भारतात नाहीच. लेह आणि तवांग दोन्ही आपली गावं, पण मधलं आकाश दुसऱ्याचं.

गंमत अशी की ही रेघ अगदीच वेडी नाही. १६८४च्या तहानंतर लेहहून दर तीन वर्षांनी ल्हासाला भेटी आणि व्यापारी माल घेऊन एक तांडा जायचा. त्याला लोपचाक म्हणत, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तो चालू होता. तिकडे तवांगचा मठ १६८०-८१चा, पाचव्या दलाई लामांच्या इच्छेनं उभा राहिलेला. सहावे दलाई लामा १६८३ साली जन्मले तेही तवांगजवळच्या उर्गेलिंगला. दोन्ही गावांची तोंडं त्या काळी ल्हासाकडे होती आणि लेहच्या माणसाला तवांगला जायचं असतं तर तो साधारण याच दिशेनं, महिनोन्‌महिने चालत गेला असता. संगणकानं काढलेली वाट तीनशे वर्षांपूर्वी खरी होती, आज नाही.

बरं, उद्या परवानगी मिळाली असं धरलं तरी डिस्पॅचर म्हणून मी त्या वाटेवर सही करताना दहादा विचार केला असता. केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमान झपाट्यानं दहा हजार फुटांपर्यंत खाली आणतात, कारण वरून पडणाऱ्या मास्कमधला ऑक्सिजन बहुतेक विमानांत पंधरा-वीस मिनिटांपुरताच असतो. तिबेटच्या पठाराची सरासरी उंची साडेचार हजार मीटर, म्हणजे जवळपास पंधरा हजार फूट. दहा हजारांवर उतरायचं म्हटलं तर तिथे जमीनच आडवी येते. दिल्ली-लेहलाही ही अडचण आहे, पण तिथला उंच डोंगरांचा पट्टा अरुंद आहे. कुठल्या बिंदूपर्यंत मागे फिरायचं आणि कुठल्या बिंदूनंतर पुढेच जायचं, हे उड्डाणाआधी ठरलेलं असतं. पठारावर हजार-बाराशे किलोमीटर अशी सोय करत जाणं हे फार वेगळं काम आहे. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे तवांगला प्रवासी जेट उतरेल अशी धावपट्टीच नाही. तुम्हाला फ्लाइट सापडत नाही ती यामुळे.

आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर दाभोळच्या धक्क्यावर उभं राहा. समोर धोपावे दिसतं, मधे फक्त वाशिष्ठीची खाडी. फेरीबोट असेल तर चहा गार होण्याआधी पलीकडे. बोट बंद असली की चिपळूणला वळसा, अर्धा दिवस कामी. दाभोळ-धोपावे अंतर किती, याला दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही खरी आहेत. लेह-तवांगच्या मधल्या खाडीत बोट नाही एवढाच फरक.

म्हणून खरी वाट अशी: लेहहून दिल्ली, दिल्लीहून गुवाहाटी, तिथून गाडीनं तवांग. लेह-दिल्ली सरळ अंतर साधारण ६२० किमी, दिल्ली-गुवाहाटी १,४५५. दोन्ही मिळून २,०७५ किमी. (मुंबई-गुवाहाटी सरळ अंतरही जवळपास इतकंच आहे. म्हणजे लेहहून गुवाहाटीला जाणं आणि मुंबईहून जाणं, विमानाच्या लेखी सारखंच.)

आता वेळ. मघाच्या भागाकारानं लेह-दिल्ली पाऊण तासाचं, पण वेळापत्रकात सव्वा ते दीड तास दिसेल. दिल्ली-गुवाहाटी भागाकारानं पावणेदोन तासांचं, वेळापत्रकात अडीच तासांच्या आत-बाहेर. दोन्हीकडे फरक चाळीस मिनिटांच्या आसपासच, अंतर दुपटीहून जास्त असूनही. हे रिक्षाच्या मीटरसारखं आहे. गल्लीच्या टोकाला उतरलात तरी किमान भाडं द्यावंच लागतं. विमानाचं किमान भाडं म्हणजे गेटवरून मागे ढकलणं, धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणं, चढताना कमी असलेला वेग, उतरताना एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण कक्ष) सांगेल तसं वळत-वळत येणं, आणि उतरल्यावर पुन्हा गेटपर्यंत जाणं. वेळापत्रकातली वेळ चाकांखालचे अडसर काढल्यापासून पुन्हा लावेपर्यंतची असते. आम्ही तिला ब्लॉक टाइम म्हणतो. कंपन्या त्यात थोडी सवडही ठेवतात, म्हणजे दहा मिनिटं उशिरा सुटलेलं विमान "वेळेवर पोहोचलं" असं सांगता येतं. यात लबाडी आहे असं मला वाटत नाही. दिल्लीसारख्या गजबजलेल्या विमानतळावर ती सवड नसेल तर दिवसभराचं वेळापत्रक दुपारपर्यंत कोसळेल.

वाऱ्याचं सांगायलाच हवं, कारण जाता-येताच्या वेळा वेगळ्या का, हा प्रश्न मला शंभरदा विचारलाय. उत्तर भारतावर थंडीत तीस-चाळीस हजार फुटांवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. तो १०० नॉटचा धरा. दिल्लीहून गुवाहाटीला जाताना ४५० नॉटचं विमान जमिनीच्या हिशेबानं ५५०नं पळतं, परतताना ३५०नं रांगतं. ७८६ नॉटिकल मैलांना पहिल्या वेगानं १ तास २६ मिनिटं, दुसऱ्या वेगानं सव्वादोन तास. एकच विमान, एकच वाट, फरक पन्नास मिनिटांचा. ऑक्टोबरात हा वारा नुकता परत येऊ लागलेला असतो, त्यामुळे तुम्हाला एवढा फरक जाणवणार नाही. पण संध्याकाळी गुवाहाटीहून दिल्ली गाठून लगेच पुण्याचं विमान पकडायचा बेत असेल तर हे डोक्यात ठेवा.

या प्रवासाची खरी मेख मात्र लेहला आहे. लेहचा विमानतळ १०,६८२ फुटांवर. तिथली हवा समुद्रसपाटीच्या मानानं दोन-तृतीयांश. हवा पातळ म्हणजे पंखांना धरायला कमी, इंजिनांना खायला कमी. त्यात ऊन वाढलं की ती आणखी पातळ होते. हवेचं तापमान २५ अंशांवर गेलं की विमानाला तो विमानतळ १४,००० फुटांवर असल्यासारखा वाटतो. म्हणून उन्हाळ्यात दिवस चढला की आम्हाला वजन कमी करावं लागायचं, कधी माल, कधी सामान, कधी माणसंही. त्यात डोंगर असे आहेत की विमानं बहुतेक वेळा दरीच्या एकाच बाजूनं आत येऊन उतरतात आणि उडताना उलट तोंड करून त्याच बाजूनं बाहेर पडतात. दुपारी दरीत वारा सुटतो तो उतरणाऱ्या विमानाच्या नेमका पाठीमागून, आणि पाठीवरचा वारा उतरताना कुणालाच नको असतो. या सगळ्यामुळे लेहची प्रवासी उड्डाणं मुख्यत्वे सकाळच्या सत्रात उरकून घेतात. सकाळी ढगांनी दरी बुजवली तर दिल्लीहून आलेलं विमान वरच्यावर घिरट्या घालून श्रीनगरला, चंडीगडला किंवा सरळ परत दिल्लीला जातं. आणि तुमचं लेहहून सुटणारं विमान म्हणजे तेच विमान असतं, हे लोक विसरतात. लेहला आकाश निळं दिसतंय, मग फ्लाइट रद्द का, म्हणून काउंटरवर भांडणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. तासाभरापूर्वी ते निळं नव्हतं, एवढंच कारण असतं.

हे सगळं ठाऊक असून मी स्वतः यात आपटलोय. निवृत्तीनंतर पहिल्याच वर्षी बायको, मी आणि मेहुणे-मेहुणी असे लेहला गेलो होतो. परतीला दिल्लीहून गुवाहाटी, मेहुण्यांच्या मुलाकडे. लेह-दिल्ली एका कंपनीचं तिकीट, दिल्ली-गुवाहाटी दुसऱ्या, मधे अडीच तास. वेगवेगळी तिकिटं घेतली कारण चौघांचे मिळून सात-आठ हजार वाचत होते. त्या सकाळी आमचं विमान लेहवर आलं, दोन फेऱ्या मारल्या आणि परत गेलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी सुटलो. लेहच्या कंपनीनं पुढचं उड्डाण विनाशुल्क दिलं, पण गुवाहाटीच्या कंपनीच्या दृष्टीनं आम्ही चौघं न आलेले प्रवासी होतो. पैसे बुडाले आणि त्यात कुणाची चूक नव्हती, माझ्याशिवाय. मेहुणे अजून विचारतात, "तुम्ही नक्की कुठल्या खात्यात होता हो?"

तेव्हा लेह-दिल्ली-गुवाहाटी शक्यतो एकाच पीएनआरवर काढा. पहिलं विमान चुकलं तर पुढची सोय लावणं मग कंपनीचं काम. तसं जमत नसेल तर दिल्लीत किमान पाच तास ठेवा. दिल्लीत टर्मिनल बदलायचं असू शकतं, आणि तेही तारखेच्या आसपास पुन्हा तपासा, कारण कुठली फ्लाइट कुठल्या टर्मिनलला हे बदलत असतं. सकाळी लेह सोडलंत तर दुपारचं विमान पकडून दिवेलागणीला गुवाहाटी. पहिला मुक्काम तिथे. दिल्ली-गुवाहाटीच्या टप्प्यात डावीकडची खिडकी मागून घ्या. मघाच्या त्या सरळ रेघेवर एव्हरेस्ट उजव्या हाताला होतं. तुमच्या खऱ्या विमानातून ते डावीकडे येतं, आणि ऑक्टोबरात हवा स्वच्छ असते.

गुवाहाटी ते तवांग सरळ रेषेत फक्त १६७ किमी, पण इथेही मधे परका देश आहे, भूतान. त्याला पूर्वेकडून वळसा घालून जाणारा रस्ता मार्गानुसार साडेचारशे ते पाचशे किलोमीटरचा, म्हणजे जवळपास तिप्पट. पहिला भाग मैदानी, झरझर सरतो. भालुकपोंगला अरुणाचलचं फाटक लागतं. इनर लाइन परमिट तिथे दाखवावं लागतं, ते घरूनच ऑनलाइन काढून ठेवा. तिथून डोंगर सुरू, आणि डोंगरात ताशी पंचवीस-तीस किलोमीटरच्या वर हिशेब धरू नका. भालुकपोंग समुद्रसपाटीपासून सातशे फुटांवर, बोमडिला आठ हजारांच्या आसपास, मग दिरांगला पुन्हा पाच हजारांपर्यंत उतार, आणि मग सेला खिंडीचा चढ. सेला १३,७०० फूट. मार्च २०२४मध्ये सेला बोगदा सुरू झाला, त्यामुळे बर्फात रस्ता अडण्याची भीती बरीच कमी झाली, पण बोगदाही साधारण १३,००० फुटांवर आहे. म्हणजे उंची काही चुकत नाही. गुवाहाटीहून दुसरी एक वाट ओरांग, कलकतांग, शेरगाव, रूपा अशी जाते. शेरगाव हे नाव ऐकून सातारा जिल्ह्यात आल्यासारखं वाटेल. रस्त्याची अवस्था पावसाळ्यानंतर कशी आहे त्यावर चालक ठरवतो. त्याला ठरवू द्या, तुम्ही नकाशा दाखवून वाद घालू नका.

हे अंतर एका दिवसात मारणारे चालक भेटतील. मी कुणालाही तसं सांगणार नाही, तुमच्याबरोबर आई आहेत म्हणून तर नाहीच. मधला मुक्काम दिरांगला करा. बोमडिलाहून तास-दीड तास पुढे जावं लागतं, पण झोपायची उंची कमी मिळते आणि दुसऱ्या दिवशीचा पल्ला आटोपशीर राहतो.

आता सूर्याचं. घड्याळ सगळीकडे एक असलं तरी लेह आणि तवांगच्या रेखांशात सव्वाचौदा अंशांचा फरक आहे. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्य तवांगला सत्तावन्न मिनिटं आधी येतो. २० ऑक्टोबरच्या सुमारास लेहला सूर्यास्त पाच-चाळीसला होतो, तवांगला चार-पन्नासला. डोंगराआड तर त्याही आधी. कोल्हापूरच्या सवयीनं "नाश्ता करून नऊला निघू, सहापर्यंत पोहोचू" असं ठरवलंत तर शेवटचा तास-दीड तास अंधारात, धुक्यात आणि वळणांवर जाईल. उजाडतंही तितकंच लवकर, साडेपाचच्या आत. त्या वाटेवर सहाला गाडी हलली पाहिजे. सरळ रेघेच्या नादात पूर्व-पश्चिम अंतर मोजलं जातं, पण ते सूर्याच्या वेळेतही मोजायचं असतं हे आम्हा विमानवाल्यांच्या डोक्यात कायम असतं. त्यामुळे मी हे जरा जास्तच ठासून सांगतोय.

तर जमाखर्च असा: पहिला दिवस लेह ते गुवाहाटी, दुसरा गुवाहाटी ते दिरांग, तिसरा दिरांग ते तवांग. आता तुमच्या अकरा दिवसांत हे बसवून बघू. पहिल्या दिवशी कोल्हापूरहून पुणे आणि तिथून दिल्ली. दुसऱ्या दिवशी पहाटे लेह. विमानानं एकदम त्या उंचीवर गेल्यावर पहिले दोन दिवस शांतपणे काढायचे, यावर मी तडजोड करत नाही. मग नुब्रा, पँगाँग म्हटलं तर तीन दिवस. सातव्या दिवशी लेह सोडलं तर नवव्या दिवशी संध्याकाळी तवांग. दहावा दिवस तवांगला, अकराव्या-बाराव्या दिवशी गुवाहाटीला उतरायचं, तेराव्या दिवशी घर. त्यात लेहच्या ढगांसाठी एक मोकळा दिवस घातला की चौदा. अकरात बसवायचं तर पँगाँग-नुब्रा सोडावं लागेल, आणि ते सोडून लेहला जाण्यात अर्थ नाही असं तुम्हीच म्हणाल.

उलट्या क्रमानं, आधी तवांग आणि मग लेह, असंही विचाराल. तब्येतीच्या दृष्टीनं तो क्रम बरा, कारण तवांगची चढण रस्त्यानं, दोन दिवसांत हळूहळू होते. पण गुवाहाटीहून दिल्ली संध्याकाळी आणि लेहचं विमान सकाळचं, त्यामुळे दिल्लीत एक रात्र जास्त जाते. शिवाय सुट्टीच्या शेवटी लेहला अडकलात तर कामावर हजर व्हायला उशीर. म्हणून दोन्ही करायचंच असेल तर मी लेह आधी ठेवीन. आईंच्या बाबतीत मात्र आधी डॉक्टरांना विचारा. रक्तदाब, दमा किंवा हृदयाचं काही असेल तर त्यांचं "जाऊ नका" हे माझ्या सगळ्या हिशेबांच्या वर. तवांगहून बुमला खिंडीला जायचा मोह होईल, तिथली उंची १५,२०० फूट आहे आणि परवानगी वेगळी लागते. आईंना त्या दिवशी मठात बसू द्या.

तुमच्या जागी मी असतो तर या ऑक्टोबरात फक्त तवांग केलं असतं. मुंबईहून गुवाहाटी थेट विमान तीन तासांच्या आसपास, अकरा दिवसांत तवांगला तीन रात्री, परतताना काझीरंगा किंवा शिलाँगही होतं. लेह पुढच्या जूनमध्ये. हे तुम्हाला नको असलेलं उत्तर आहे हे मला कळतं. पण २ तास २१ मिनिटांच्या आकड्यावर आखलेला प्रवास सातव्या दिवशी कुठे तुटतो ते मी पाहिलेलं आहे.

राहिला तेजपूर आणि हेलिकॉप्टरचा प्रश्न. तेजपूरला विमानतळ आहे, तवांगही तिथून जवळ, रस्त्यानं सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. पण तिथली विमानं मोजकी, आणि एक चुकलं तर पुढचं केव्हा हे बघावं लागतं. गुवाहाटीला पर्याय भरपूर, म्हणून चार तासांचा जास्त रस्ता पत्करून मी गुवाहाटीच धरतो. हेलिकॉप्टरनं तवांग तासाभराच्या आतबाहेर गाठता येतं, सेवा चालू असेल आणि हवा मोकळी असेल तर. जागा थोड्या, सामान मोजून, आणि सेलावर ढग आले की सगळं रद्द. त्यामुळे जाताना गाडीनंच जा. येताना नेमकं हेलिकॉप्टर चालू असलं आणि जागा मिळाल्या तर बसा, पण गाडी सोडून देऊ नका. चालकाला सांगून ठेवायचं, आम्ही हेलिपॅडवरून फोन करेपर्यंत तू तवांगलाच थांब.